विंझरात चालू, पासलीत बंद

विंझरला पिठाच्या गिरणीला लागून ज्ञानू मिस्त्रीचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे समोरून उघडी पत्र्याची शेड, आत हत्यारांचा फळा आणि बाहेर ऑइल पिऊन काळी झालेली जमीन. दारात एक लांब बाक आहे. त्यावर गाडीवाल्यांपेक्षा दळण टाकून बसलेली माणसंच जास्त असतात. त्यांना दुसरं काम नसतं, त्यामुळे ज्ञानूने कुणाची गाडी खोलली आणि आतून काय निघालं, ही बातमी पीठ घरी पोचायच्या आधी गावात पोचते.

ज्ञानू पन्नाशीचा, अंगाने बारका, बोलायला कमी. तरुणपणी तो पुण्यात एका मोठ्या गॅरेजात होता. गाडी आली की संशयाचा पार्ट काढायचा, नवा बसवायचा, गाडी बाहेर, अशी तिथली पद्धत. गाडी चालायची, गिऱ्हाईक खूश व्हायचं. ज्ञानूचं मन मात्र भरायचं नाही. काढून टाकलेला पार्ट तो जेवणाच्या सुट्टीत हातात घेऊन बसायचा आणि खोड खरंच ह्यात होती का, ते बघत राहायचा. पुष्कळदा नसायची. पुढे वडिलांना अर्धांगवायू झाला म्हणून तो गावी आला तो परत गेलाच नाही. वडील गेले. लग्न झालं, मुलगी झाली, तिला भोरला दिली. गॅरेज चालत राहिलं. बिघाड डोळ्यांनी बघितल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही, ही त्याची सवय आसपासच्या गावांना माहीत झाली आणि पटलीही.

रोहिदासची गाडी त्याच्याकडे आली ती दिवाळी झाल्यावर.

रोहिदास पासलीचा. पासली वेल्ह्याच्या वर, डोंगराच्या अंगाला. तो सकाळी घरोघरचं दूध गोळा करतो, गाडीच्या दोन्ही बाजूंना कॅन अडकवतो आणि वेल्ह्याला टेम्पोवर पोचवतो. टेम्पो कुणासाठी थांबत नाही. गाडी जुनी, पण रोहिदासने ती नीट राखलेली.

"मिस्त्री, सकाळी सुरूच हुईत न्हाई," रोहिदास म्हणाला. "रोज न्हाई. एखाद्या दिवशी पयल्या बटणाला सुरू. एखाद्या दिवशी किक मारून मारून पाय भरून येतो, तरी ढिम्म. मग ऊन वर आलं की आपली आपण चालू."

"थंडीचं आसंल."

"थंडी तर रोजच हाय."

ज्ञानूने बटण दाबलं. गाडी लगेच पेटली. बंद केली, थोडा वेळ जाऊ दिला, पुन्हा दाबलं, पुन्हा पेटली. प्लग काढला तर तो कोरडा, चांगल्या तपकिरी रंगाचा. तरी त्याने तो घासून बसवला, कार्बोरेटर साफ केला, पेट्रोलची नळी फुंकून बघितली आणि गाडी दिली.

आठवड्यात रोहिदास परत आला. तीच तक्रार. ह्या वेळी ज्ञानूने प्लगची टोपी उघडून बघितली, दुसऱ्या एका गाडीची चांगली कॉइल काढून लावून बघितली. काही फरक कळायचा प्रश्नच नव्हता, कारण त्याच्या दारात गाडी पहिल्यापासून चालूच होती. तिसऱ्या वेळी त्याने गाडी ठेवून घेतली. रात्रभर शेडमध्ये उभी केली. सकाळी कडाक्याच्या थंडीत, दात वाजत असताना बटण दाबलं. पेटली. दुसऱ्या दिवशीही पेटली.

बाकावर मानसिंग बसला होता. मानसिंगची गिरणीच्या पलीकडे शेती, पण बसणं-उठणं बाकावर. तो म्हणाला, "सासरी आजारी आन् माहेरी आली की ठणठणीत. पोरीबाळींचं आसतं तसंच दिसतंय ह्या गाडीचं."

सगळे हसले. ज्ञानूही थोडा हसला.

रोहिदासने मग गाडी भोरला दाखवली. तिथल्या एका गॅरेजवाल्याने अर्धं वायरिंग नवं टाकून दिलं. चारदोन दिवस बरे गेले आणि एका सकाळी गाडीने पुन्हा हात टेकायला लावले. रोहिदासने ती उतारावर ढकलत नेली, गावाच्या खाली कुठेतरी ती पेटली, पण तोवर टेम्पो निघून गेला होता. सगळ्या घरांचं दूध परत न्यावं लागलं. त्या दिवशी तो तडक विंझरला आला. गाडी अर्थातच व्यवस्थित चालत आली होती.

"मिस्त्री," तो बाकावरच्या माणसांदेखत म्हणाला, "तुमच्यानं हुईत नसंल तर तसं सांगा. म्या गाडी इकून टाकतो."

"हुईत न्हाई आसं न्हाई," ज्ञानू म्हणाला. "दिसत न्हाई."

"म्हंजे तेच की."

रोहिदास गेला आणि ज्ञानू हात पुसायला आत गेला तसा बाक बोलू लागला.

घरी त्याची बायको ठकुबाई भाकरी थापत होती. गॅरेजवरचं बोलणं तिच्या कानावर आधीच आलं होतं, गिरणीत तीही जायची. ज्ञानू जेवायला बसला तरी ताटाकडे त्याचं लक्ष नव्हतं.

"आवं," ती म्हणाली, "माझ्या आईला चक्कर यायची, ठावं हाय ना तुमाला. दवाखान्यात नेली की कायबी न्हाई. डाक्टर म्हणायचा, म्हातारीचं मनाचं खेळ. शेवटाला त्यो एकदा घरी आला आन् तिच्या चुलीपाशी बसला, तवा त्येला समाजलं घरात धूर किती कोंडतोय त्ये."

"मग?"

"मग काय? माणसाला बघाय डाक्टर घरी जातो. तुमी गाडीला बघाय का जात न्हाई?"

ज्ञानूने भाकरीचा तुकडा मोडला. इतक्या वर्षांत तो गाडी बघायला कुणाच्या घरी गेला नव्हता. रस्त्यात बंद पडलेली गाडी आणायला जायचा, ते वेगळं. दोन दिवसांनी त्याने रोहिदासला फोन केला आणि म्हणाला, "सांजच्याला मला न्यायला ये. म्या मुक्कामाला येतो."

हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन तो रोहिदासच्या मागे बसला. वेल्हे मागे पडलं, रस्ता चढू लागला. भातं निघालेली होती, खाचरं मोकळी पडली होती आणि घरापुढे पेंढ्यांच्या उडव्या रचलेल्या होत्या. गाडीचा आवाज तो वाटभर ऐकत होता. त्यात काही खोट नव्हती.

रोहिदासचं घर म्हणजे एकाच पत्र्याखाली अर्धं घर आणि अर्धा गोठा. मधे कुडाची भिंत. घरात रोहिदास, त्याची बायको कोमल आणि आई सारजाबाई. वडील त्याच वर्षी पावसाळ्यात गेले होते. सारजाबाईचं नाव पासलीत माणसांपेक्षा जनावरांसाठी जास्त घेतलं जायचं. म्हैस विताना अडली, गाय पान्हवेना, वासरू हगायला लागलं, की लोक आधी तिला हाक मारायचे आणि मग दवाखान्याला फोन लावायचे. दारी आलेल्या मिस्त्रीला तिने बघितलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "गाडीला बघाय वस्तीला आलेला माणूस म्या पयल्यांदा बघितला."

"म्याबी पयल्यांदाच आलोय, मावशी," ज्ञानू म्हणाला.

त्याने रोहिदासला एवढंच सांगितलं, की मी आलोच नाही असं समज आणि रोज करतोस तसं कर. रोहिदासने गाडी गोठ्यात नेली आणि दाराजवळ, खुंट्यांच्या पलीकडे उभी केली. बाहेर ठेवली की माकडं सीट फाडतात, म्हणून ती रात्री आत असायची. मग जनावरं आली. एक म्हैस, दोन गाई आणि एक तांबडी कालवड. सारजाबाईने सगळ्यांना खुंट्यांना बांधलं, पुढे पेंढा टाकला. ज्ञानूने गोठ्याचा पत्रा बघितला, गळती शोधली. गाडीच्या टाकीतलं पेट्रोल बघितलं. उंदीर आहेत का विचारलं. आहेत, पण मांजरही आहे, असं कोमल म्हणाली.

जेवायला नाचणीची भाकरी आणि पावट्याची आमटी होती. ज्ञानू ओसरीवर निजला.

सकाळी तो उठला तेव्हा सारजाबाईने त्याच्यासाठी पाणी तापवून ठेवलेलं होतं आणि ती धार काढायला गोठ्यात गेली होती. तोंड धुऊन, चहाचा कप हातात घेऊन तो गोठ्याच्या दारात जाऊन उभा राहिला. आत उबदार अंधूक उजेड होता. म्हशीच्या धारेचा आवाज येत होता. तांबडी कालवड दावं ताणून, मान लांब करून गाडीपाशी पोचली होती आणि तिने गाडीची उजवी मूठ जिभेने घोळून घेतली होती. सावकाश, मन लावून ती चाटत होती.

"ए, हड!" सारजाबाई बसल्या जागेवरून ओरडली. कालवडीने जीभ आत घेतली आणि पुन्हा बाहेर काढली. "हूड हाय लई. कायबी चाटती. भिंत चाटती, दावं चाटती. काल म्याच हितं जवळच्या खुंट्याला बांधली. कोमल आसली की तिला पार मागं बांधती, तिला हिचं चाटणं आवडत न्हाई."

ज्ञानू हसला आणि चहा प्यायला. त्या क्षणी त्याच्या मनात काहीच आलं नाही.

रोहिदास कॅन घेऊन आला. कळकट फडक्याने त्याने हँडल, सीट आणि टाकी पुसली. "पत्र्याला घाम येतो पहाटं," तो म्हणाला. "ठिबकतंय रोज." मग चावी लावली आणि बटण दाबलं. इंजिन कुरकुर फिरलं, पण पेटलं नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. किक मारली, मारली, मारली. रोहिदासने ज्ञानूकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग होता आणि थोडं समाधानही होतं, की एकदा तरी ह्या माणसाने हे बघितलं.

समाधान ज्ञानूलाही झालं होतं. गाडी बंद पडलेली बघून आनंद होण्याची त्याची ही पहिलीच वेळ.

"थांब," तो म्हणाला. "आता तिला हात लावू नगो."

त्याने प्लग काढला, टोपीत अडकवून इंजिनला टेकवून धरला आणि रोहिदासला किक मारायला सांगितली. ठिणगी नाही. म्हणजे पेट्रोलचा काही संबंध नव्हता, करंटच येत नव्हता. टाकीखाली हात घालून त्याने एक एक वायर चाचपली. भोरवाल्याने टाकलेलं वायरिंग नवं आणि घट्ट होतं. मग हँडलकडून, गाडी बंद करायच्या लाल बटणाकडून येणारी वायर त्याने जोडातून सोडवली.

"मार."

ठिणगी आली. निळी, चांगली जोरदार. रोहिदास पुढे वाकून बघू लागला.

ते लाल बटण उजव्या मुठीला लागून असतं. ते दाबलं की करंट गाडीच्या अंगात उतरतो आणि इंजिन बंद पडतं. कुणी न दाबताच तसं होत असेल तर बटणाच्या आत काहीतरी होतं. ज्ञानूने दोन स्क्रू काढून बटणाचं कवच उघडलं. आत हिरवा गंज चढला होता आणि त्यावर ओल होती. पाण्याची नव्हती. बोट लावलं तर ती चिकट, तारेसारखी लांबली. कोपऱ्यात फेस होता आणि फेसात पेंढ्याची बारीक कुसं.

ज्ञानूने मान वळवून कालवडीकडे बघितलं. ती अजून दावं ताणूनच उभी होती.

टेम्पोची वेळ होत आली होती, म्हणून त्याने बोलण्यात वेळ घालवला नाही. कवच फडक्याने कोरडं केलं, पॉलिश पेपरने गंज घासला, पुन्हा फडकं फिरवलं, वायर जोडली. स्टार्टचं बटण दाबताच गाडी पेटली. रोहिदासने कॅन अडकवले. "काय निघालं?" त्याने विचारलं. "जाऊन ये, मग सांगतो," ज्ञानू म्हणाला.

गाडीचा आवाज वळणापलीकडे गेला. कोमल दूध गाळत घरात होती. सारजाबाई शेणाचा हात धुऊन आली आणि चौकटीला टेकली.

"आता मला तरी सांगा. काय निघालं?"

"लाळ, मावशी."

"काय?"

"कालवडीची लाळ. मुठीला माणसाच्या हाताचा घाम लागतो, त्येला खारट चव आसती. ती चाटती आन् लाळ बटणात उतरती. ओलं हाय तवर गाडी पेटत न्हाई. वाळलं की पेटती. ज्या रातीला ती मागं बांधलेली, त्या सकाळी गाडी नीट. तुमी जवळ बांधली की बंद."

सारजाबाईने पदर खोचला. ती कालवडीपाशी गेली, तिचा ओठ उचलून हिरड्या बघितल्या, पाठीवरून उलटा हात फिरवून केस बघितले. मग भिंतीचा चाटून गुळगुळीत झालेला कोपरा बघितला.

"मीठ," ती म्हणाली. "मीठ मागतीया ती."

ती ज्ञानूकडे वळली.

"आजार म्या बघायची. वैरण म्या, धार म्या. मीठ तेवढं मालकांचं काम हुतं. सांजच्याला मूठभर खडेमीठ घेऊन सगळ्यांच्या तोंडापुढं धरायचं. रोज. त्येच्यात मला कवा पडू दिलं न्हाई." ती थांबली. "पावसाळ्यात गवत हिरवं हुतं, निभलं. आता नुसता पेंढा. आन् माझ्या ध्यानातच न्हाई आलं. गावाची जनावरं बघत हिंडती म्या."

घरात जाऊन तिने मडक्यातलं मीठ ओंजळीत आणलं. कालवड ओंजळीवर तुटून पडली. मागची गाय हंबरली, म्हैसही मान वळवून बघू लागली. सारजाबाईने सगळ्यांना दिलं. तिसऱ्यांदा मीठ आणायला गेली तेव्हा पदराने डोळे पुसून आली, पण आवाज तसाच होता.

"मिस्त्री, एक बोलू?"

"बोला की."

"रोहिदासाला म्या सांगीन. पर खाली इंझरला सांगू नगा. तुमच्या बाकावरचं बोलणं वेल्ह्याच्या बाजारात येतं आन् तिथनं हितं. सारजाच्या गोठ्यातली कालवड मिठापायी गाडी चाटती, ह्ये लोकास्नी कळलं तर कुणाच्या गोठ्यात कोणत्या तोंडानं जाऊ म्या?"

ज्ञानूने विचार करायला फारसा वेळ घेतला नाही. "न्हाई सांगत," तो म्हणाला.

रोहिदास येईपर्यंत त्याने जुन्या ट्यूबचा तुकडा कापला, गाडी आल्यावर तो बटणाच्या सांध्यावरून घट्ट बसवला, आणि गाडी ह्यापुढे ओसरीच्या कोपऱ्यात, वर पोतं टाकून ठेवायला सांगितलं. माकडांसाठी पोत्यावर काटेरी फांदी. दुपारच्या आत तो विंझरला परतला.

बाक वाटच बघत होता.

"काय निघालं?" मानसिंगने विचारलं.

"लाल बटणात ओल जात हुती."

"बटणात?"

"व्हय."

"आन् म्हंजे तू इतकं दिवस बटण खोललंच न्हाईस? पलग काढला, कारबुरेटर काढला, रातभर गाडी घेऊन बसलास, आन् हाताखालचं बटण न्हाई बघितलंस?"

"ऱ्हायलं बघायचं," ज्ञानू म्हणाला आणि आत गेला.

त्याला सगळं सांगता आलं असतं, तर ती गोष्ट विंझरात वर्षभर पुरली असती आणि त्याचं नाव झालं असतं. तसं झालं नाही. उलट ज्ञानूची नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही, चष्मा लागला वाटतं, असं लोक बोलू लागले. मानसिंगने पुढचं काम भोरला करून घेतलं. आणखी एकदोघांनीही. ठकुबाईने विचारलं, तर तिलाही त्याने, "बटणच हुतं, दुसरं काय न्हाई," असंच सांगितलं. ती त्याच्याकडे बघत राहिली, पण तिने पुन्हा विचारलं नाही. ज्ञानूला लोकांच्या बोलण्याचं वाईट वाटलं. काही दिवस तो बाकाकडे पाठ करून काम करायचा. मग ते मागे पडलं. गाड्या येतच होत्या.

वैशाखात सारजाबाई विंझरला एका लग्नाला आली. मांडवातून परतताना एसटीला वेळ होता म्हणून ती गॅरेजच्या सावलीला आली आणि बाकाच्या टोकाला बसली. ज्ञानूने आतून पाणी आणून दिलं. रोहिदासची गाडी कशी आहे विचारलं. बरी आहे, म्हणाली.

मानसिंग दुसऱ्या टोकाला होता. म्हातारी पासलीची आहे हे कळल्यावर त्याला जोर चढला.

"पासलीच्या दूधवाल्याची आई व्हय तुमी? आमच्या मिस्त्रीनं लई फेऱ्या मारायला लावल्या तुमच्या पोराला. एवढंसं बटण, पर ह्या गड्याला दिसंना. शेवटी वस्तीला आला तुमच्याकडं, तवा सापडलं!"

सारजाबाईने ज्ञानूकडे बघितलं. तो एका चेनला तेल सोडत होता आणि त्याने मान वर केली नाही. तिने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मग मानसिंगला म्हणाली, "बटणाला काय झालं नव्हतं. माझी कालवड मूठ चाटायची. तिची लाळ बटणात जायची."

"कालवड? आन् ती गाडी कशापायी चाटंल?"

"मिठापायी. मालक गेलं, आन् माझ्याच्यानं जनावरांला मीठ द्यायचं ऱ्हायलं. ह्या मिस्त्रीला ठावं हुतं. म्या सांगू नगा म्हणलं, म्हणून ह्येंनी सांगितलं न्हाई."

गिरणीचा पट्टा तेवढा फटफटत होता. मग मानसिंगला आणखी काहीतरी विचारायचं होतं, पण एसटी दिसली. सारजाबाई उठली, गुडघ्यावर हात ठेवून जरा थांबली, ज्ञानूला "येते" म्हणाली आणि रस्त्याकडे गेली. कंडक्टरने तिला हात देऊन वर घेतलं.

संध्याकाळी ती गोष्ट विंझरभर झाली. ठकुबाईने ज्ञानूला ताट वाढलं आणि नवऱ्याऐवजी गिरणीतून ही गोष्ट ऐकावी लागली म्हणून ती दोन दिवस त्याच्याशी तुटक बोलली. पासलीत काय झालं ते ज्ञानूला पुढे रोहिदासकडून कळलं. काही झालं नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात कुणाचीतरी गाय अडली होती आणि लोक त्याच्या आईलाच बोलवायला आले होते.

भोरला गेलेले एकदोघे परत ज्ञानूकडे येऊ लागले. मानसिंग आला नाही. त्याच्या मेव्हण्याने भोरला स्वतःचं गॅरेज टाकलं होतं आणि तो गाडी तिथेच नेत राहिला. बसायला मात्र तो रोज बाकावरच यायचा.